केरबाची फिरती खोली

सोनारवाडीत भोळी माणसं तशी बरीच होती, पण त्यातला अस्सल भोळा एकच, केरबा शिंत्रे. सांगितलेलं विसरला, असं त्याच्या हातून कधी झालं नाही. एकदा ऐकलं की जन्मभर लक्षात. ते वापरायचं कुठं, एवढंच त्याला कळत नसे.

त्याची बायको हौसा. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी बाईनं समुद्र पाहिला नव्हता. केरबा दरवर्षी म्हणायचा, "यंदा नक्की." शेवटी हौसेनं पदर खोचला. "दिवाळीपर्यंत समुद्र दाखवा. नाहीतर मी माहेरी जाते, आणि मग न्यायलासुद्धा येऊ नका."

केरबा विचारात पडला. हौसा गेली तर सांगणार कोण? आणि कुणी सांगितलंच नाही, तर केरबानं करायचं काय?

त्याच्याकडं भाजीची पिकअप होती. आणि फोनवरच्या व्हिडिओत रोज एक दाढीवाला यायचा. हा गृहस्थ गाडीच्या हौद्यावर खोली बसवायचा, छत्रीसारखं छप्पर उचलायचा, आत बसून चहा करायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री कशाला? सगळं स्वतः करा!" केरबानं तालुक्यातनं तसलीच एक जुनी पत्र्याची खोली आणली. हौद्यापेक्षा दोन्ही अंगांना हातभर रुंद. चार बोल्ट आवळले की हौद्यावर बसायची. छप्पर उचललं की खोली, दाबलं की खोकं.

"हौसे, यातच निजायचं, यातच रांधायचं. उठलं की समोर समुद्र!"

हौसा चक्क लाजली. मग सुधारणा सुरू झाल्या.

केरबानं आत फळ्या ठोकल्या, त्यांवर भांडी मांडली आणि हौसेला बसवून गावात चक्कर मारली. पहिल्याच गतिरोधकावर भांडी खाली आली आणि पिठाचा डबा हौसेच्या डोक्यावर. केरबा दस्तगीर मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री वेल्डिंग करायचा. तोंडाचा फटकळ, मनाचा भला.

"अरे येड्या, चालत्या गाडीत वस्तू सुटी ठेवतात व्हय? स्क्रू मारून घट्ट बसवायची. समजलं?"

"समजलं."

केरबा घरी आला आणि कामाला लागला. कपाटाला स्क्रू मारले. स्टोव्हला मारले. मग कळशीच्या बुडाला एक, तव्याला एक, आणि पातेलं तर थेट स्टोव्हलाच. हौसेनं चहा टाकला. चहा पातेल्यात थांबलाच नाही. कळशीतलं पाणी गादीत गेलं.

केरबा परत मिस्त्रीकडं. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "भोक पडलं की बुजवायचं रं! सिलिकॉनची नळी घे. दिसेल ती फट, दिसेल ते भोक बंद कर. समजलं?"

"समजलं."

केरबा घरी आला आणि कामाला लागला. भांडी बुजवली. खिडक्यांच्या फटी बुजवल्या, त्या पुन्हा उघडल्या नाहीत. कुलपाचं भोक बुजवलं. हिंडता हिंडता गाडीच्या मागं गेला, तर तिथं सगळ्यात मोठं भोक. सायलेन्सर! त्याला दोन नळ्या लागल्या. मग चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली.

मिस्त्री स्वतः आला. "अरे बाबा, आतली हवा जाणार कुठनं? कोंडलेली हवा मोकळी करायची असते! समजलं?"

"समजलं."

केरबानं सायलेन्सर कोरून साफ केला. मग पायरीवर बसून विचार केला. आणखी कुठं हवा कोंडलीय? समोरच चार चाकं होती. बिचारी किती वर्षं कोंडून पडलेली! त्यानं एकेक करून सगळी मोकळी केली. स्टेपनीवरही दया केली.

एव्हाना गाव जमलं होतं. ज्यांनी जन्मात पाचर मारली नव्हती, ते मोजमापं सांगत होते. सरपंचांनी जमिनीला टेकलेल्या गाडीपुढं उभं राहून फोटो काढला आणि "आमच्या कारकिर्दीतला पहिला पर्यटन प्रकल्प" म्हणून गावभर पाठवला.

मिस्त्रीनं हवा भरून दिली, चाकांकडं बोट दाखवलं आणि हात जोडले. "केरबा, देवा, नीट ऐक. ज्याच्यावर भार असतो, त्याला खालनं भक्कम आधार लागतो. भार तिथं आधार. समजलं?"

"समजलं."

केरबा घरी आला आणि या वेळी आधी हिशेबशीर विचार केला. हौसा बसणार कुठं? खोलीत. म्हणजे भार कशावर? खोलीवर! त्यानं चारी बोल्ट सोडले, जॅकनं खोली वीतभर उचलली, गाडीच्या बाहेरच्या अंगानं चार कोपऱ्यांना चार लाकडी खांब दिले आणि खांबांचे पाय विटा-सिमेंटात गाडले. चार दिवस त्यांवर पाणी मारलं. मग खोलीला धक्का देऊन पाहिला. तसूभर हलली नाही.

"चला, एक काम तरी धड केलंत," हौसा म्हणाली. तिनं लाडवांचा डबा भरला.

दिवाळीला आठ दिवस असताना ती सकाळी सहाला नवं लुगडं नेसून आत जाऊन बसली.

"बसलीस?"

"बसले. तुम्ही पुढं बघून चालवा."

गाडी निघाली. केरबाला ती एकदम हलकी वाटली. सुधारणांचा गुण! पुढं बघून चालवा म्हटल्यावर त्यानं मागं कशाला पाहावं? घाट उतरला, नारळ-पोफळी मागं टाकल्या आणि गाडी थेट वाळूत, पाण्याच्या कडेला नेऊन उभी केली. खाली उतरून समुद्राकडं तोंड केलं आणि फोन लावला.

"हौसे, उतर! समुद्र आला!"

"आला? माझा डोळाच लागला होता हो. पण काय रस्ता केलाय घाटात! पोटातलं पाणी हललं नाही. निवडणूक आली वाटतं."

फोनमध्ये दार करकरलं.

"अहो, समुद्र कुठाय? इथं तर शेजारची पारूबाई भांडी घासतीय."

केरबानं किनारा डावीकडं पाहिला, उजवीकडं पाहिला. "इथं कुणी पारूबाई नाही गं. तू समुद्राच्या कुठल्या अंगाला उतरलीस?"

हौसेला सगळं उमगलं. ती आधी ढसाढसा रडली. "बावीस वर्षं वाट बघितली मी! आणि नुसती गाडी नेलीत, न्यायचं तेवढंच विसरलात!" मग तिनं नाक पुसलं. "माहेर गेलं चुलीत. मी एसटी धरून येते, पण आज समुद्र बघणार म्हणजे बघणारच. आता आणखी काही करू नका. आहात तिथंच उभे राहा. पाऊलभरसुद्धा हलू नका. समजलं?"

"समजलं."

केरबा उभा राहिला. तासाभरानं पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. कोळी ओरडले, "ओ पाव्हणं, भरती येतेय! बाहेर या!"

"बायकोनं हलू नको म्हणून सांगितलंय."

कोळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सगळे लग्न झालेले होते. "मग काय इलाज नाही," ते म्हणाले, आणि दोर लावून गाडी तेवढी ओढून काढली.

हौसा चार वाजता एसटीतनं उतरली आणि पळतच किनाऱ्यावर आली. समोर समुद्र! केवढा तो! बाईचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. तेवढ्यात तिला पाण्यात एक मुंडकं दिसलं. ते हसत होतं.

"हौसे, बघ! दाखवला का नाही?"

"अहो, बुडाल!" हौसेनं छाती बडवून घेतली. "हला आता! हला, मी सांगते!"

केरबाच्या तोंडावरनं एक लाट गेली. ती ओसरल्यावर त्यानं घसा साफ केला आणि विचारलं,

"किती पावलं?"