शेवंतीला कोणती ट्यूब

"मग पिवळसर ट्यूब लावू, की ती गुलाबी?"

अच्युतबुवांनी चहाचा कप खाली ठेवला. हेमलताबाई हे तिसऱ्यांदा विचारत होत्या.

बाई पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकवतात. वीस वर्षं बुवांच्या कोयनेकाठच्या या मठात येत आहेत. येताना काही ना काही घेऊन येतात. या खेपेला त्यांनी वही आणली होती.

मठाची स्वतःची एक शेवंती आहे. फूल बारीक, मधाच्या रंगाचं, वासाला जरा कडवट. पुण्यतिथीला समाधीवर तेच वाहतात, दुसरं चालत नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात अंगणातले वाफे कुजले. बाईंनी हाताला लागले तेवढे शेंडे खुडून नेले आणि घरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, अकरा कुंड्या जगवल्या. पुण्यतिथीला फूल मी आणीन, असं त्या सगळ्यांसमोर बोलून बसल्या होत्या.

एक पुण्यतिथी फुलाशिवाय गेली. दुसरीला अडीच महिने उरले होते.

"झाडं कशी आहेत?" बुवांनी विचारलं.

"हिरवीगार. नुसती वाढताहेत. कळीचा पत्ता नाही."

मग बाईंनी वही उघडली. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली पानं जोमात येतात, तांबूस झाक असलेली पिवळसर ट्यूब फुलाला बळ देते, हे त्यांनी बुवांना समजावून सांगितलं. त्यांनी आधी पहिली लावली, मग दुसरी, मग दोन्ही शेजारी शेजारी. आता खास झाडांसाठी म्हणून गुलाबी ट्यूब मिळते, ती आणायचा विचार होता. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखाची रात्र लागते, हेही त्यांनी सांगितलं. संध्याकाळी सहाला त्या ट्यूब बंद करत, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबत.

हे सगळं वर्गात सांगतात तसं चाललं होतं. बुवा सातवी शिकलेले. ते मान हलवत ऐकत होते. मी, मठातला सेवेकरी, पडवीत वाती वळत बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला बाईंचा थोडा रागच आला.

"ट्यूब लगेच लागते?" बुवांनी विचारलं.

"नाही. फिटिंग जुनं आहे. दोन-तीनदा फडफडते, मग लागते."

"सकाळी लावतेस?"

"सकाळी आठला. आणि रात्री एकदा, झोपायच्या आधी. कळी आली का ते बघायला."

"रोज?"

"रोज. दिवसभर कॉलेज असतं ना. एकेक शेंडा बघायचा म्हणजे पंधरा मिनिटं जातात."

"वहीत आहे ते?"

"ते कशाला लिहायचं?" बाई हसल्या. "ते नुसतं बघणं. ते मी उजेडात धरत नाही."

बुवांनी चहाचा कप बाजूला सारला.

मग म्हणाले, लांबून आली आहेस, एसटीत अंग आंबलं असेल, जरा पड, उठलीस की सांगतो. स्वतः उठून त्यांनी सतरंजी अंथरली. दुपारचे दोन वाजले होते. बाई खरंच दमल्या होत्या. आडव्या झाल्या, डोळे मिटले. बुवा उशाशी बसले.

"हेमलता."

"अं?"

"झोप लागली का?"

"नाही, बुवा. आत्ताच तर पडले."

...

"हेमलता, झोप लागली का?"

बाईंच्या पापण्या दोन-तीनदा फडफडल्या. "लागत होती," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.

बुवांनी थोडा वेळ जाऊ दिला. बाईंचा श्वास संथ झाला. मग ते वाकले आणि अगदी मायेने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"हेमलता, लागली का गं झोप?"

बाई उठूनच बसल्या. वीस वर्षांत बुवांशी त्या चढ्या आवाजात बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या, त्या दिवशी ऐकल्या.

"सारखं सारखं बघत राहिलात तर लागणार कशी?"

बुवांनी वही त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंनी वही उघडली. दोन पानं उलटली. मिटली.

"वर्षभर," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभर रोज रात्री मीच..."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मघाचा माझा राग कुठच्या कुठे गेला. झाडांवर जीव होता म्हणूनच तर त्या रोज उठून जात होत्या.

"मग ट्यूब कोणती लावू?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. या खेपेला प्रश्न खरा होता.

"आहे ती राहू दे."

बाई बोटांवर मोजू लागल्या. कळी धरून फूल उमलायला दोन महिने. हातात अडीच. आज घरी पोहोचायलाच रात्र होणार, म्हणजे सुरुवात उद्यापासून. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

तोवर बुवा त्याच सतरंजीवर आडवे झाले होते. दंडाची उशी केली, डोळे मिटले.

"बुवा," बाई दारातून मागे वळून म्हणाल्या, "आता रात्री मी त्या खोलीत गेलेच नाही, तर पुण्यतिथीपर्यंत फूल येईल ना?"

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

"मला झोप लागलीय," ते म्हणाले.