वरवंट्यानं पारखलेले तीन पाळणे

एक राजा होता. नाव भिवराव. राजा म्हणजे फार मोठा समजू नका. बत्तीस गावं, एक नदी, दोन हत्ती. त्यातला एक हत्ती म्हातारा. पण राजा माणसानं बरा होता. आणि लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा कुठं त्याच्या राणीला, सारजाबाईला, मुलगी झाली.

मग काय, नगारे वाजले. साखर वाटली. सगळ्यांना कामं लागली. ठकूबाई सुईण बाळाला न्हाऊ घालायची, शेक द्यायची. राजाची बहीण अंबू, म्हणजे बाळाची आत्या, ती नाव शोधत बसली. एकट्या राजाला काम नाही. त्या राज्यात अशी रीत होती, बरं का, की बाळंतिणीच्या खोलीत बारा दिवस पुरुषानं पाय टाकायचा नाही. बापानंसुद्धा. मग राजा आपला दाराबाहेर उभा. आत पोर रडतंय, बाहेर राजा हात चोळतोय.

आणि पोर रडायचं तरी किती! आईच्या खांद्यावर असलं की गप्प. खाली ठेवलं की टाहो. ठकूबाईनं घेतलं, रडलं. अंबूनं घेतलं, त्याहून रडलं. मग राणीच बिचारी पोर खांद्यावर घेऊन बसायची. रात्र बसून, दिवस बसून. पाचव्या दिवशी ठकूबाई बाहेर आली आणि दारातच राजाला म्हणाली, "म्हाराज, तुमी हितं उभं राहून काय अंडी उबवताय का?"

"मग काय करू, ठकूबाई?"

"राणीसायबांचं डोळं खोल गेलं. वैद्यबुवांना इचारलं, ते म्हनाले, बारशापातुर कसं तरी निभंल, पन फुडं त्यांना झोप मिळाली न्हाई तर त्या हातच्या जातील. बारशाला लेकरू पाळण्यात पडतं. ते पाळण्यात निजलं तर राणी वाचली. तेवा पाळणा बगा. चांगला बगा. चुकू नका."

राजाच्या हाताला काम तर मिळालं. तो तसाच निघाला.

आता पाळणा पारखायचा कसा? रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि बारशाआधी बाळ पाळण्यात घालायचं नसतं. मग आधी घालायचा वरवंटा. स्वयंपाकघरातला, चटणी वाटायचा. त्याला धुवायचं, टोपडं घालायचं, काजळाची तीट लावायची आणि बाळासारखं निजवायचं. ही रीत आपल्याकडंही आहे. पण भिवरावाच्या राज्यात एक गोष्ट जास्तीची होती. तिथला वरवंटा पाळण्यात पडला की बोलायचा. दगड कसा बोलेल, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं उठून अंगणात जाऊन बसावं. गोष्ट पुढं चालली आहे.

राजा पहिल्यांदा गेला सोनाराकडं. सोनारानं चांदीचा पाळणा घडवला. चार पायांना चार मोर, साखळ्यांना घुंगरं. असा लखलखीत की डोळे दिपावेत. राजा खूश. वरवंटा आणला, टोपडं घातलं, निजवला. राजानं स्वतः दोरी ओढली. एक झोका, दोन झोके.

तिसऱ्या झोक्याला वरवंटा ओरडला, "काढा मला! गारठलो!"

"अरे, चांदी आहे!" राजा म्हणाला.

"चांदी असू दे नाहीतर आणखी काही. पाठ बर्फ झाली माझी. आणि जिकडं बघावं तिकडं माझंच तोंड दिसतंय. चाळीस वर्षं मिरच्या वाटल्या मी. मला माझं तोंड बघायची हौस नाही."

राजानं चांदीचा पाळणा बाजूला ठेवला. दाराबाहेर जाऊन कान लावला. पोर रडतच होतं.

मग राजा गेला सुताराकडं. हा सुतार असा कारागीर होता की त्यानं लाकडाचं मांजर केलं तर उंदीर गाव सोडून जायचे. त्यानं सागवानी पाळणा केला आणि कडेनं बसवले नऊ लाकडी पोपट. आठवा दिवस उजाडला. वरवंटा निजवला. राजानं झोका दिला, आणि काय सांगावं! लाकडी पोपटांनी पंख झाडले. फडफड करून पाळण्याभोवती फिरायला लागले. एक म्हणतो, "राम राम." दुसरा म्हणतो, "पेरू आण." तिसरा शीळ घालतो. राजा टाळ्या पिटून हसायला लागला. दिवाणजी हसले. शिपाई भाले टाकून बघत उभे राहिले.

"वा रे वा!" राजा म्हणाला. "हाच पाळणा!"

"पाळणा पोरीला करताय का स्वतःला?" वरवंटा म्हणाला. "ह्या नऊ वाचाळांत तुम्ही निजाल का, सांगा बघू."

राजानं तोही पाळणा बाजूला ठेवला. खरं ते खरं. दगडाचं असलं म्हणून काय झालं.

आता तीनच दिवस राहिले. राजा एकटाच नदीकाठी गेला. तिथं बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. वाऱ्यावर अशी झुलायची की बघणाऱ्याला जांभई यावी. राजानं खाली उभं राहून हात जोडले. राजानं पाखरांना हात जोडले, बरं का. "बायांनो," तो म्हणाला, "माझी लेक निजत नाही. तिची आई मरेल. मला एक पाळणा विणून द्या."

पाखरांनी आपसात चिवचिव केली. मग त्या काठाची पाखरं आली, पलीकडच्या काठाची आली. सातशे पाखरं. अडीच दिवस राजा त्यांना गवताची पाती उचलून देत होता. काट्यात हात घालत होता. डोक्यावर ऊन, अंगाला घाम, जेवण आठवलं तर आठवलं. अकराव्या दिवशी दुपारी पाळणा झाला. गवताचा, गोल, पिसासारखा हलका. नुसता श्वास लागला तरी डोलायचा.

वरवंटा निजवला. एक झोका. दोन झोके. तिसऱ्या झोक्याला आवाज आला, घर्रर्र, घर्रर्र. जातं फिरल्यासारखा. वरवंटा घोरत होता!

राजा तिथंच खाली बसला आणि रडला. आनंदानं रडला.

बाराव्या दिवशी बारसं. दालनात बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या. तुळईच्या कड्यांना सुगरणींचा पाळणा टांगला. राणी आली पोर खांद्यावर घेऊन. राजानं तिला बारा दिवसांनी पाहिलं आणि त्याला ओळखूच येईना. चेहरा कागदासारखा. चालताना भिंत धरत होती.

"आणलात पाळणा?" राणीनं विचारलं.

"आणला. आता तू नीज," राजा म्हणाला.

बायकांनी पोर पाळण्यात घातली. आणि पोरीनं असा टाहो फोडला की बाहेरचा म्हातारा हत्ती दचकून उभा राहिला.

"अरे, तू तर घोरत होतास!" राजा वरवंट्यावर ओरडला. त्याला पाळण्याच्या कडेलाच ठेवला होता.

"घोरलो की," वरवंटा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "पण गवत टोचतं, महाराज. तिच्या पाठीकडं बघा. लाल झाली. मला टोचलं नाही. मी दगड आहे."

बघा आता. सगळं राज्य पिढ्यान्‌पिढ्या दगडाला विचारून लेकरांचे पाळणे ठरवत होतं, आणि ही गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

मग धावपळ झाली. चांदीचा पाळणा आणला. पोर अंग आखडून रडली. सागवानी आणला. पोपट उडाले आणि पोर दुप्पट रडली. राणी पुढं झाली. "द्या माझ्याकडं," म्हणाली. दोन पावलं टाकली आणि खाली बसली. उठताच येईना. "द्या ना," बसूनच म्हणाली. आणि हात पसरले.

ठकूबाईनं डोळ्याला पदर लावला. ठकूबाई रडली म्हणजे काय ते समजा.

राजा पोरीला उचलायला वाकला. वाकला तसा त्याच्या फेट्याचा शेमला, म्हणजे मागं सोडलेलं टोक, खांद्यावरून घसरून पोरीच्या तोंडावर आला. पोरीनं तो धरला. घट्ट मुठीत धरला. आणि गप्प झाली.

राजा तसाच वाकून उभा. जरा सरळ झाला तर फेट्याचा एक पेच सुटला.

"महाराज!" दिवाणजी घाईनं म्हणाले. "मस्तक! मस्तक सांभाळा!"

कारण त्या राज्यात राजाचं डोकं उघडं पडायचं ते फक्त बाप मेल्यावर. एरवी चारचौघांत उघडं पडलं तर राजाची अब्रू गेली असं धरायचे. बायकांनी माना खाली घातल्या. राजानं मूठ सोडवायला हात नेला. मूठ ती केवढी? आवळ्याएवढी. दोन बोटांनी सुटली असती.

राजानं एकदा मुठीकडं बघितलं. एकदा राणीकडं बघितलं. आणि हात मागं घेतला.

मग त्यानं स्वतःच फेटा सोडवायला घेतला. एक पेच, दुसरा पेच, तिसरा पेच. वीस हात कापड जमिनीवर उतरलं. बारा दिवस डोक्यावर होतं ते. त्याला भट्टीचा धूर लागला होता, लाकडाचा भुसा लागला होता, नदीकाठचं ऊन लागलं होतं. घामानं आणि वापरानं मऊ झालं होतं. डोक्याची ऊब अजून त्यात होती.

"अगं बाई! दादा," अंबूआत्या न राहवून म्हणाली, "तुला टक्कल कधी पडलं?"

"तू नाव ठरवलंस का?" राजा म्हणाला. "नसेल तर तिकडं लक्ष दे. कड्या मोकळ्या करा रे."

राजानं पोर हातांवर उचलली, आणि बाकीच्यांनी फेट्याची झोळी बांधली. कापडाच्या दोन्ही बाजू कड्यांना, मध्ये खोलगट जागा. शेमला मोकळा, पोरीच्या मुठीत तसाच. ठकूबाईनं रीतीप्रमाणं वरवंटा उचलला आणि झोळीत घालायला निघाली.

"मला घालू नका," वरवंटा म्हणाला.

"अरं, रीत हाय," ठकूबाई म्हणाली.

"रीत असेल. पण एकदा चुकलो मी. ती जागा तिची तिनं धरली आहे. मूठ दिसत नाही का तुम्हाला?"

राजानं पोर झोळीत घातली. सगळ्यांनी श्वास रोखला. पोरीनं डोळे उघडले. आढ्याकडं बघितलं. बापाच्या टकलाकडं बघितलं. ओठ काढले. आता रडते की काय! पण तिनं एक मोठी जांभई दिली, शेमला गालाखाली ओढला आणि निजली. गाढ निजली.

आणि तिच्या आधी, जमिनीवर बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून राणी निजली होती. कुणीतरी तिच्या अंगावर शाल टाकली. तिला हलवायची कुणाची छाती झाली नाही.

मग बारसं झालं, पण कसं? चोरांसारखं! आत्यानं सतरा अक्षरांचं भारदस्त नाव काढून ठेवलं होतं. एवढं नाव कानात सांगेपर्यंत पोर उठायची. म्हणून तिनं वाकून हळूच "कुर्रर्र" केलं आणि दोनच अक्षरं सांगितली, "मनू." नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. बायकांनी तेही घातले, पण कापूस पिंजावा तसे. घुगऱ्या चावल्या त्याही तोंड मिटून. पोपट लाकडी होऊन बसले. हत्तीसुद्धा पाय उचलून उचलून चालला.

राजा झोळीची दोरी धरून बसला. उघड्या डोक्यानं. दुपारी बसला तो दिवे लागेपर्यंत बसला. दिवाणजी कानाशी येऊन कुजबुजले, "महाराज, दरबार."

"उद्या," राजा म्हणाला.

राणी दीड दिवस झोपली. उठली ती भूक भूक करत उठली. तूपभात मागितला, वरून आणखी मागितला. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि काढा ओतून टाकला. मग राजा-राणी आणि त्यांची मनू बत्तीस गावांत सुखानं राहिली. वरवंटा आपल्या पाट्यावर गेला आणि खोबऱ्याची चटणी वाटायला लागला. लोक काही दिवस राजाच्या टकलाकडं बघायचे. मग त्यांनाही सवय झाली.

झाली गोष्ट. पांघरुणाचं टोक ज्याला त्याला मिळालंय ना? ओढाओढ करू नका. मनू तिकडं निजली, तुम्ही इकडं निजा. आता मला एकाचाही आवाज नको.