हात लावलेली पोथी

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात मोठी पाठशाळा होती. मिशा फुटलेली पोरं आणि शहाण्यासुरत्या पोरी तिथे लांबून शिकायला येत. तिथल्या ग्रंथालयाची एक ग्रंथपालीण होती. पोथ्या जिवापाड जपायची. कुणी जोरात शिंकलं तरी डोळे वटारायची.

तिथे प्रत्येक पोथीची एकच प्रत. ग्रंथपालीण ती वर्गात आणायची आणि मग पोथी हातोहात फिरायची.

एके दिवशी पोथी कोळ्याच्या लेकीकडून सरदाराच्या पोराकडे आली. त्याने ती दोन बोटांत धरली आणि जमिनीवर टाकून दिली.

"शी! मासळीचा वास मारतोय. हिनं हात लावलेली पोथी आम्ही वाचणार नाही!"

"नाही वाचणार!" म्हणत सगळा वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजी खिडकीबाहेरच्या चिमण्या बघू लागले.

कोळ्याची लेक उठली आणि बोचकं बांधू लागली. "बाई, मी जाते घरी. बाबाचं जाळंच बरं."

पोथी उचलून गुमान निघून जाणं ग्रंथपालणीला सोपं होतं. गुरुजीही कुजबुजले, "बाई, तुम्ही यात पडू नका. तुमचं काम धूळ झटकायचं."

"तेच करतेय," ती म्हणाली, आणि पोथी उचलून वर्गासमोर उभी राहिली.

"नाक लावून बघितलं रे मी. वास नाही कसला. तुझ्या लाडवांच्या तुपाचे डाग मात्र पानोपानी आहेत. आता ऐका. दुसरी प्रत मिळणार नाही. हिच्या हातची पोथी ज्याला नको, त्याने वाचू नये. बळजबरी नाही." मग ती पोरीकडे वळली. "आणि तू गं? ह्याच्या नाकापायी घर गाठतेस? वाचायचंय की नाही?"

पोरीने डोळे पुसले. "वाचायचंय. सगळं."

"मग सोड ते बोचकं."

पोरगी वाचत सुटली. एक पोथी संपली की दुसरी. बाकीचे बसले हात चोळत.

पहिला आला तो एक किडकिडीत पोरगा. "बाई, मला पडसं झालंय. वासच येत नाही. मला द्या ना पोथी."

"मेल्या, पडशाचं सोंग कशाला? जा, तिच्याकडे माग."

तो गेला. मग एकेक करत सगळेच गेले. उरला सरदाराचा पोर. भरसभेतली परीक्षा तोंडावर आली, तेव्हा तो ग्रंथालयात आला.

"द्या बाई पोथी. चालेल मला."

"तुला चालेल? उपकार झाले! पोथी तिच्याकडे आहे. ज्या वर्गात टाकलीस, त्याच वर्गात सगळ्यांसमोर माग."

तो मान खाली घालून वर्गात गेला. "चुकलो मी. पोथी देतेस?"

कोळ्याच्या लेकीने त्याच्या बोटांकडे पाहिलं. "आधी तूप धुऊन ये."

वर्ग खो-खो हसला. या खेपेला त्यालाही हसू फुटलं. रांजणावर हात धुऊन, धोतराला पुसत तो परत आला आणि दोन्ही हात पुढे केले. तिने पोथी त्याच्या हातात ठेवली.

गुरुजींनी उठून खिडकी लावून घेतली.

तात्पर्य: चारचौघांत झालेल्या अपमानाला चारचौघांतच उत्तर द्यावं. पोथी जपणाऱ्याने वाचणाऱ्यालाही जपलं नाही, तर त्या पोथ्या वाळवीला घातलेल्या बऱ्या.