झुपकीची आठळी आणि हिरवं पिंप

एक होती खार. इवलीशी. तिची शेपटी मात्र हीऽऽ एवढी. म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकीला एक आठळी मिळाली. फणसाची आठळी. गुळगुळीत, गोलमटोल. यंदाची अगदी शेवटची.

आत्ता नाही खायची, झुपकीने ठरवलं. लपवून ठेवायची.

कुठे लपवली? बिंबाकाकूंच्या दारातल्या बादलीत. सालींच्या खाली. झुपकीला वाटलं, काय पण हुशार मी.

थोड्या वेळाने बिंबाकाकू आल्या. त्यांनी बादली उचलली. अंगणातल्या हिरव्या पिंपात उपडी केली. बद्द. झाकण लावलं. खट्ट.

हे पिंप खताचं. लोखंडी पायांवर आडवं झोपलेलं. त्यात साली टाकायच्या, वाळका पाला टाकायचा आणि पिंप गोल गोल फिरवायचं. मग सालींचं होतं काळं काळं खत.

पण आठळी? ती घरंगळत गेली पार तळाशी.

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पिंपाकडे.

"पिंपदादा, पिंपदादा, फिर की.
माझी आठळी मिळेना."

पिंपाचं पोट गच्च भरलं होतं. तीन दिवस नुसत्या ओल्या ओल्या साली.

"नाही फिरत, जा," पिंप म्हणालं. "पोटात माझ्या चिकचिक. आधी वाळका पाला आण."

आणि त्याने ढेकर दिला. ढब्ब. झुपकीने नाक धरलं.

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बदामाच्या झाडाखाली, पाल्याकडे.

"पाल्या, पाल्या, पिंपात चल की.
पिंप फिरेना,
माझी आठळी मिळेना."

"नाही येत, जा," पाला कुरकुरला. "माझ्यावर बसलाय बोका. आधी बोक्याला हलव."

झुपकी निघाली. तुरुतुरु... पण लांब जायचंच नव्हतं. बोका तिथेच होता. ती पाल्यावर चढली.

"बोकोबा, बोकोबा, हला की.
पाला येईना,
पिंप फिरेना,
माझी आठळी मिळेना."

बोक्याने एक डोळा उघडला.

"नाही हलत, जा," बोका म्हणाला. "ऊन कसं मऊमऊ. पाला कसा गरमगरम. काकू ओरडल्या तरच हलेन."

आणि त्याने डोळा मिटला.

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ओट्यावर. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, काकू, ओरडा की.
बोका हलेना,
पाला येईना,
पिंप फिरेना,
माझी आठळी मिळेना."

काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

"नाही ओरडत, जा," काकू कुजबुजल्या. "बाळ झोपलंय. बाळ उठलं की ओरडेन."

झुपकी निघाली. आता अगदी हळू. तु...रु... तु...रु... घरात, झोळीकडे.

"बाळा, बाळा, ऊठ की.
काकू ओरडेनात,
बोका हलेना,
पाला येईना,
पिंप फिरेना,
माझी आठळी मिळेना."

बाळ काय म्हणालं?

"घुर्रर्र... फुस्स."

आणि कुशीवर वळलं.

झुपकी झोळीच्या काठावर बसली. आता कोणाकडे जायचं? कोणी उरलंच नाही.

तिने इकडे पाहिलं. तिने तिकडे पाहिलं. मग तिने मागे पाहिलं. मागे होती शेपटी. हीऽऽ एवढी.

शेपटी गेली बाळाच्या नाकाशी. गुदगुदगुद.

काही नाही.

परत. गुदगुदगुद. नाक हललं.

आणखी एकदा. गुदगुदगुद...

"आऽऽक्छी!"

बाळ उठलं. खुदकन हसलं आणि शेपटीच धरली. झुपकीने ती ओढून घेतली आणि धूम ठोकली. लपली खांबामागे.

बाळ उठलं, काकू ओरडल्या. "बोक्या, तूच उठवलंस ना रे बाळाला?"

बिचारा बोका. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो दचकून ताडकन उडाला.

बोका हलला, पाला उडाला. भुर्रर्र. अंगणभर पाला. वाळत घातलेल्या झबल्यांवर पाला. काकूंच्या केसांतसुद्धा पाला.

काकूंनी झाडू घेतला. सर्र सर्र. सगळा पाला गोळा केला. पिंपाचं झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "पाला घालायचा राहिलाच की."

पाला आला, पिंपात गेला. खट्ट. काकूंनी बाळाला कडेवर घेतलं आणि दांडा धरला.

पिंप फिरलं. गडगड गुडगुड, गडगड गुडगुड.

"पुन्ना," बाळ म्हणालं.

गडगड गुडगुड, गडगड गुडगुड.

पिंपाला बरं वाटलं. काकूंनी झाकण उघडलं. आणि अगदी वर, पाल्याच्या गादीवर, बसली होती आठळी.

तुरुतुरु, तुरुतुरु. काकू बघतात तोवर आठळी गायब.

झुपकी बदामाच्या फांदीवर बसली. या वेळी तिने आठळी लपवली नाही. तिथल्या तिथे खाल्ली. कुटुम कुटुम. वरची पातळ साल मात्र खालच्या उघड्या पिंपात टाकली. टप्.

खाली बोका बसला होता. तो वर बघून म्हणाला, "झुपके, बाळाला कोणी उठवलं गं?"

"मला काय माहीत," झुपकी म्हणाली आणि शेपटी पाठीमागे लपवली.

पण हीऽऽ एवढी शेपटी. लपते होय?