सांत-आल्माच्या बिनदाराच्या चौकटी

कॅरिबियन समुद्रात सांत-आल्मा नावाचे एवढेसे बेट आहे. तिथे उतरायच्या जागा दोनच प्रकारच्या. टेकडीवरचे हॉटेल, जिथे हसूसुद्धा गणवेश घालून येते; आणि किनाऱ्यावरची गेस्टहाऊसे, ज्यांच्या चौकटींना दारच नाही. नुसता पडदा. पाहुण्याने त्या चौकटीत उभे राहून आपले नाव सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही.

पुण्याचे निवृत्त प्राध्यापक विनायकराव टेंबे अशाच एका चौकटीत बॅग धरून उभे होते. शेवटची बोट गेलेली, हॉटेल भरलेले, आभाळ उतरलेले. आत म्हाताऱ्या ऑर्लीनबाई मासे साफ करीत होत्या.

"डॉक्टर व्ही. के. टेंबे, माजी विभागप्रमुख," ते म्हणाले.

"एवढे सगळे एका खाटेवर मावायचे नाहीत," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"आतून कडी तरी आहे का?"

"दारच नाही, कडी कशाला लावू? तिथेच थांबा. तुमच्यासारख्यांना गोष्ट सांगावीच लागते."

टेकडीवर पूर्वी एका उसाच्या मळेवाल्याची दगडी हवेली होती, असे सांगतात. एकदा मोठे वादळ आले. गावकरी आसऱ्याला गेले, तर त्याने आतून अडसर घातला. चिखलाच्या पायांनी फरशी खराब होते, म्हणे. खाली सेलेस्तीन नावाची विधवा राहत असे. नवऱ्याच्या फुटक्या होडीच्या फळ्यांचे तिच्या झोपडीला दार होते. त्याची तेवढीच खूण उरलेली. समोरच्या खडकावर कोळ्यांची होडी आपटली, माणसे पाण्यात पडली. मळेवाल्याची होडी कुलपात. सेलेस्तीनने दारावरून एकदा हात फिरवला. मग ते उचकटले, दोर बांधला आणि लाटेवर सोडले. त्याला धरून माणसे किनाऱ्याला लागली. शेवटच्या खेपेनंतर दोर तुटला, दार समुद्राने नेले. या चौकटीला पुन्हा दार लावणार नाही, अशी तिने शपथ घेतली.

पहाटे हवेलीचे छप्पर उडाले. मळेवाला भिजत खाली आला आणि चौकटीत अडला. ठोठावायला काही नव्हते, उघडायला नोकर नव्हता.

"कोण?" आतून सेलेस्तीनने विचारले.

"मालक."

"कशाचा?"

त्याने टेकडीवरच्या उघड्या भिंतींकडे पाहिले.

"गास्तों," तो म्हणाला. त्याच्या आईमागे ते नाव कोणी घेतले नव्हते, म्हणे.

"ये, गास्तों. पाय पूस. इथे फरशी नाही, पण माणसे निजली आहेत."

बाईंनी गोष्ट संपवून खवले झटकले. विनायकरावांना राहवेना. "दगडी हवेलीचे छप्पर उडाले आणि झोपडी कशी राहिली? हे पटत नाही."

"ही शंका प्रत्येक शिकलेल्याला येते," बाई म्हणाल्या. "आणि ती विचारताना तो बाहेरच उभा असतो."

पावसाचे थेंब विनायकरावांच्या टकलावर पडू लागले. आपल्याला नुसत्या नावाने शेवटची हाक कोणी मारली होती, हे त्यांना आठवेना. आणि त्या नावाचा माणूस अजून शिल्लक असेल याचीही खात्री वाटेना.

"विनायक," ते हळूच म्हणाले.

"पाय पुसा," बाई म्हणाल्या आणि खाटेकडे बोट दाखवले.

आजही सांत-आल्माच्या किनाऱ्यावर कोणत्याही चौकटीला दार नाही. त्या हवेलीच्या जोत्यावर उभ्या राहिलेल्या हॉटेलला मात्र काचेचे दार आहे. ते कोणासाठीही आपोआप उघडते, बकरी आली तरी. नाव कोणी विचारत नाही.