पाय लागला

त्या मुलुखात नदीवर पूल नव्हता. पूल बांधायचं दरबारात अनेकदा ठरलं होतं, आणि ठरलेलं दर वेळी ठरलेलंच राहिलं होतं. त्यामुळे अलीकडचं धान्य पलीकडे पोचवायचं काम गाढवांच्या पाठीवर आलं होतं, आणि ती ते मुकाट्याने करत होती.

नदी लहरी होती. पुरात ती तळाची वाळू कुठून उचलून कुठे नेऊन टाकी, त्यामुळे गेल्या वर्षीचा उतार यंदा डोह होई आणि गेल्या वर्षीच्या डोहात यंदा गुडघाभर पाणी. म्हणून गाढवांची एक रीत होती. पूर ओसरला की कळपातली पुढली गाढवीण पाठीवर भरलेल्या गोण्या घेऊन एकटी पाण्यात उतरे. रिकाम्या पाठीला वाळू धरते आणि भरल्या पाठीला सोडते, म्हणून गोण्या भरलेल्याच असाव्या लागत. ती एक पाय पुढे टाके, खूर दाबून बघे, सगळा भार त्यावर देई आणि मगच ओरडे, "पाय लागला!" हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय मागच्या कुणाचा खूर ओला होत नसे. "वाट दिसते" किंवा "वाट असेल" असलं बोलणं नदीकाठी चालत नसे.

गाढवाला गुळाची चव काय, असं शहाणे म्हणतात. त्या शहाण्यांनी कधी गाढवापुढे गुळाचा खडा धरलेला नसतो, ही गोष्ट वेगळी. पण अकरा वर्षांत त्या कळपातलं एकही गाढव वाहून गेलं नव्हतं आणि एकही गोणी भिजली नव्हती. ही अकरा वर्षं पुढली होती ती कवडी. तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं, डाव्याला जेमतेम चार हातांपलीकडचं दिसे. गळ्यात पुढलीची पितळी घाटी होती. स्वभाव तिखट होता, आणि तिला त्याचा काडीचाही खेद नव्हता.

त्या वर्षी दरबारातून उजळा आला. वेताची हलकी चौकट, तिच्यात अभ्रकाचे दोन पातळ तुकडे, आणि कानांमागून आवळायची वादी. तो डोळ्यांवर बांधला की जग दिसायचंच, पण जगावर लिहिलेली अक्षरंही दिसायची. समोरच्याच्या डोक्यावर त्याचं नाव दिसे, गवतावर 'कोवळं' किंवा 'जून' असं लिहून येई आणि वाटेवर सोनेरी खुरांचे ठसे उमटत. ही किमया सरड्यांची. रंगांची विद्या त्यांच्या घराण्यात पूर्वापार होती. त्यांचे मुखत्यार पालटराव हे दरबारात जो बसेल त्याच्या आवडीच्या रंगाचे असत, आणि बसणारा बदलला तरी त्यांची कधी पंचाईत झाली नव्हती.

गाढवांनी पहिल्याच दिवशी त्या वस्तूला 'झापड' म्हटलं. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात तसलंच ते दिसत होतं, त्यांचा काय दोष? पण पालटरावांना तो शब्द फार लागला. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली की उजळ्याला कुणी झापड म्हणू नये.

उजळा काही अगदीच टाकाऊ नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. गोणीत ज्वारी आहे की बाजरी हे न हुंगता कळू लागलं. उकिरड्यावरची काच खुराखाली येण्याआधी लाल अक्षरांत दिसू लागली. चुकलेलं शिंगरू संध्याकाळच्या आत सापडू लागलं. तरण्या गाढवांना तर त्याचं वेडच लागलं. दगडावर 'दगड' असं लिहून आलं तरी ती कौतुकाने माना डोलवत, जणू आजवर त्याला भोपळा समजत होती.

कवडीनेही तो एकदा बांधून पाहिला. तिची लेक गोजी मागेच लागली होती, म्हणून. वादी आवळली आणि तिला पलीकडचा काठ दिसला. तीन वर्षांत दिसला नव्हता तो. तिथली बाभळ, बाभळीवरचं घरटं, घरट्यातून डोकावणारी चोचसुद्धा. कवडीने तो काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहून घेतला. त्या दिवशी पालटराव मागते तर तिने त्यांना दुवाही दिली असती.

पण त्याच संध्याकाळी ती गोजीशी बोलत होती, आणि गोजी तिच्या तोंडाकडे न बघता डोक्याच्या वर बघत होती.

"वर काय बघतीस गं?"

"तुझ्या डोक्यावर लिहून आलंय. 'आई. रागात आहे.'"

"आन् तोंडावरनं कळत न्हाई व्हय तुला? जन्म दिला म्या, अन् वळख दुसऱ्यानं करून द्यायची?"

गोजी हसली. कवडीला हसू आलं नाही. तिने आपल्या डोळ्यांवरचा उजळा उतरवला आणि गव्हाणीच्या खुंटीला अडकवून ठेवला. लांबचं काही बघायचं असेल तेव्हा ती तो घेई, बघे आणि परत ठेवी. इतर गाढवांना हे विचित्र वाटे. ती आता उजळा बांधून झोपत आणि तहान लागल्याचं अक्षर दिसेपर्यंत पाण्यावर जात नसत. कवडीला याचा फार राग येई. तहान दिसते थोडीच, ती लागते, असं ती पुटपुटे. ठेचही लागते. लेकीचा जीव लागतो तोही कुठे दिसतो?

पूर ओसरायला आला तेव्हा दरबारचा हुकूम निघाला. यंदापासून कळपाची पुढली उजळाधारीच असेल. वाट काठावरूनच वाचायची, पाण्यात चाचपत बसून धान्य खोळंबवायचं नाही. उजळ्याच्या गाठीवर लाखेचा शिक्का बसेल. नदीवर असताना तो फोडला, तर कळपाची चराई बंद. कवडी शिक्का घ्यायला तयार झाली नाही. मग तिच्या गळ्यातली घाटी काढून गोजीच्या गळ्यात बांधली.

गोजी पहिल्यांदाच गाभण होती. घाटी वाजली तशी ती आनंदाने थरारली, आणि कवडीचे कान पडले. घाटी गेल्याचं दुःख तिला होतंच, खोटं कशाला बोला. पण पुढली म्हणजे पाण्यात पहिली. पाठीवर दोन गोण्या, पोटात जीव, आणि पायाखाली काय असेल ते सरड्यांनी सांगायचं.

ती तडक पालटरावांकडे गेली. नदीकाठी काटेरी कुंपण होतं, त्यावर ते ऊन खात बसले होते.

"यंदाचा उतार मोजायला पान्यात कोन उतरलं हुतं, मालक?"

"उतरायचं कशाला, बाई? आमची माणसं इथपर्यंत स्वतः जाऊन आली. इथून नदी अगदी स्वच्छ दिसते."

"हितपातूर म्हंजी?"

"कुंपणापर्यंत," पालटराव अभिमानाने म्हणाले.

पुढचं त्यांनी गेल्या वर्षीच्या नकाशावरून रंगवलं होतं. रंग मात्र ताजा होता. आणि जुन्या रीतीचा मान राखावा म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. गाढवं कुठल्याशा दोन शब्दांवाचून पाण्यात पाय घालत नाहीत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तो काहीतरी मंगल मंत्र असावा अशी त्यांची समजूत झाली. म्हणून सोनेरी ठशांच्या वर, पाण्यावर तरंगते, ते दोन शब्द त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले.

उतरायच्या दिवशी सकाळी कळप काठावर उभा राहिला. सदतीस गाढवं, सदतीस शिक्के. कवडी अडतिसावी, बिनशिक्क्याची, सगळ्यांच्या मागे. तिनेही गोण्या घेतल्या होत्या, भाराला कुणी नाही म्हणत नाही. सगळे सरडे कुंपणावर ओळीने बसले होते.

गोजी पुढे झाली. तिच्यासमोर पाण्यावर सोनेरी ठसे थेट पलीकडे गेले होते आणि वर झळझळीत अक्षरं होती. तिने ती वाचली, छाती भरून घेतली आणि ओरडली, "पाय लागला!"

पिढ्यान् पिढ्यांची सवय. शब्द कानावर पडताच सदतीस गाढवांचा भार एकदम पुढे सरकला.

आणि मागून गोण्यांसकट धडका देत कवडी पुढे घुसली. ती गोजीच्या छातीसमोर आडवी उभी राहिली.

"कंचा?" ती ओरडली.

"काय कंचा?"

"पाय! कंचा पाय लागला तुजा? फुडचा का मागचा?"

गोजीने खाली बघितलं. चारही पाय कोरडे होते. अंगठ्याएवढासुद्धा ओला डाग कुठे नव्हता.

"लिहिलंय, आये," ती हळूच म्हणाली.

"ल्हिवलंय त्यानं, अन् बोललीस तू! ह्यो सबूद लबाडीनं कुनी बोललं न्हाई अजून ह्या काठाव."

मागे गलका झाला. म्हातारीला घाटी गेल्याचं सहन होत नाही, असं कुणी म्हणालं. आंधळीला दुसऱ्याचा उजेड खुपतो, असं आणखी कुणी. एकाने तिच्या मांडीवर लाथ हाणली. पालटराव कुंपणावरून ओरडले की धान्य खोळंबतंय, तिला बाजूला करा. कवडी तसूभर हलली नाही. दुसरी लाथ बसली तेव्हा तिने मान वळवली.

"हाना. पर ही माजी लेक ह्या वाटंनं जायाची न्हाई. ह्या वाटंनं म्या जाते. बघा डोळे भरून!"

ती सोनेरी ठशांवरून चालू लागली. तिला ते दिसत नव्हते, पण गोजीची नजर कुठे होती ते तिने हेरून ठेवलं होतं. पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत, दुसरं पोटापर्यंत. तिसऱ्याला खाली काहीच नव्हतं. कवडी कानांपर्यंत गेली. वर फक्त नाकपुड्या राहिल्या आणि गोण्यांचं भिजलेलं ओझं तिला खाली ओढू लागलं. गोजी किंचाळली. अक्षरं त्या जागी अजूनही तशीच झळकत होती.

कवडीला भीती वाटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की आता संपलं. पण तिच्या अंगात तेव्हा भीतीहून जास्त संताप होता, आणि संतापलेलं गाढव बुडवणं नदीलाही सोपं नसतं. तिने मागचे पाय झाडले, प्रवाहाला अंग दिलं आणि वाहत वाहत वीस-पंचवीस हात खाली गेली. तिथे तिच्या पुढच्या खुराला काहीतरी टणक भेटलं. तिने तो दाबला. मग दुसरा. भिजून दुप्पट झालेला सगळा भार तिने त्यावर दिला. वाळू हलली नाही. ती आणखी दहा पावलं पुढे गेली, पाणी पोटाखाली आलं, आणि मग ती काठाकडे तोंड करून अशी ओरडली की बाभळीवरची पाखरं उडाली.

"पाय लागला!"

कुणीही हललं नाही. सगळ्यांच्या उजळ्यात त्या जागी लाल अक्षरं होती. 'खोल डोह. मागे फिरा.' कवडी पोटाएवढ्या पाण्यात उभी होती, आणि छत्तीस गाढवं तिच्या डोक्यावरचं वाचत होती.

गोजीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा अक्षरांकडे. लाल रंग इतका भडक होता की त्यामागची आई नीट दिसेना. शिक्का फोडावा तर सगळ्या कळपाची चराई जाणार. मग तिने जे केलं त्याबद्दल दरबारच्या हुकमात एक अक्षरही नव्हतं. तिने उजळ्याच्या आतले डोळे मिटून घेतले.

अंधारात आईचा आवाज तेवढा राहिला. "ये. डावीकडनं ये. दाब. भार दे. आता दुसरा." गोजीचा खूर थंड पाण्यात गेला, वाळूवर टेकला, दबला, टिकला. तिने सगळा भार त्यावर दिला, आपला आणि पोटातल्याचाही. मग मागे वळून तिने स्वतःच्या आवाजात तेच दोन शब्द उच्चारले, आणि ते खरे होते.

मागच्याने विचारलं, "पर हितं तर ल्हिवलंय..."

"डोळं मीट," गोजी म्हणाली, "अन् माज्या शेपटीला नाक लाव."

एकेक करत गाढवं उतरली. डोळे मिटलेली, पुढच्याच्या शेपटीला नाक लावलेली, खूर दाबत, भार देत. प्रत्येक जण आपला पाय टेकला की मागच्यासाठी ओरडे. कवडी मधोमध उभी राहून शिव्या देत त्यांना मोजत होती. सदतीसच्या सदतीस पलीकडे लागली, गोण्या भिजल्या त्या फक्त तिच्या.

कुंपणावर पालटराव आपल्या उजळ्यातून सगळं बघत होते. लाल अक्षरांच्या हद्दीत पाऊल पडलं की गाढवाच्या डोक्यावरचं नाव विझे आणि त्या जागी येई, 'बुडाली'. असं सदतीस वेळा झालं. अडतिसावीला शिक्काच नव्हता, म्हणून तिचं काहीच आलं नाही. सगळे सरडे हळूहळू काळे पडले. कुणीतरी कुंपणाला काळी चिंधी बांधली. पालटराव उभे राहिले आणि बोलू लागले. कष्टाळू, आज्ञाधारक अशी ही मंडळी आपल्यातून गेली, उजळ्यावर त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

पलीकडे बाभळीखाली गाढवं गोण्या टाकून धुळीत लोळत होती. चार पाय वर करून, पोटं उन्हाला देऊन. मध्येच कवडीने मान उंचावली आणि सगळ्यांनी मिळून असा काही सूर लावला की दोन्ही काठ दणाणले.

पालटराव क्षणभर थांबले. त्या आवाजाच्या दिशेने न बघताच त्यांनी हात वर केला आणि नाराजीने म्हणाले, "कृपया शांतता राखा. इथे शोकसभा चालू आहे."