न रडणारा दिवा

प्रमिलाच्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा आठवडाभर विझत नव्हता. अपघातात ती पिशवी फुगलीच नाही, तर तान्ह्या लेकीला आई कुठली?

आबनावे मिस्त्रींनी तासाभरात किल्ली परत दिली. "दिवा गेला. झालं काम."

प्रमिलाने किल्ली फिरवली. बाकीचे दिवे क्षणभर लागून विझले, एअरबॅगचा लागलाच नाही. "हा लागला का नाही?" तिने विचारलं.

"वहिनी, मला गाडी शिकवता? गप आहे म्हणजे बरा आहे!"

"मिस्त्री, जन्मल्याबरोबर बाळ रडलं नाही, तर सुईण त्याला गुणी म्हणते का?"

मिस्त्रींनी डॅशबोर्ड उघडून दिव्यावरची काळी चिकटपट्टी काढली. मग आडवे होऊन सीटखालची सुटलेली वायर जोडली.

किल्ली फिरली. दिवा लागला, चार श्वासांनी विझला.

"रडला एकदाचा," प्रमिला म्हणाली.